टर्कीचा सौदा, मामाजींच्या दुपट्ट्याखाली

मी टर्की पाळणार म्हटल्यावर घरात पहिला आवाज धाकट्या दिरांचाच. "वयनी, काहून डोक्याले ताप? रिकामा गोठा पाडू अन् सोयाबीनले गोडाऊन बांधू." निकाल मात्र मामाजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. ट्रॅक्टर आल्यावर त्यांनी शेवटची बैलजोडी विकली, तेव्हापासून त्या गोठ्यात त्यांनी पाऊल टाकलेलं नव्हतं. ते म्हणाले, "टर्कीची जात तू निवड, सूनबाई. पावसाळ्यात पक्षी टिकले तर गोठा तुहा. नाई टिकले तर गोडाऊन." आणि वर, "मी येतो संगं."

झालं! सगळा गोठा माझ्या एका निवडीवर टांगला गेला.

मूर्तिजापूरजवळच्या आमच्या गावाहून अकोला म्हणजे तासाभराचा चौपदरी रस्ता. तरी मे महिन्यात पहाटेच निघा, हा माझा सल्ला. तो मामाजींनी साफ धुडकावला. "बैल भर दुपारीच पायला पायजे. सकायी तं मरतुकडाही नाचते." म्हणून आम्ही ऐन बाराला अकोल्याबाहेरच्या फार्मवर, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवून हजर. गाडी मीच चालवत होते, हेही सांगून ठेवते.

तिथली जात मोठ्या छातीची, ब्राँझ रंगाची. काय तो नर! पिसारा फुलवला, मान लालनिळी केली, आणि मी तिथंच पाघळले. फोटोवर फोटो. मालक म्हणाला, "ताई, वजनात याच्यापुढे कोणीच नाही." मामाजी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं घाम पुसत म्हणाले, "उभा बैल सगळ्याईलेच आवडते. जरा चालवून दाखवा."

मालकानं जाळी उघडली. महाराज डुलत डुलत आमच्या गाडीपर्यंत आले आणि सावलीत चोच वासून बसले ते बसलेच. मी विचारलं, "पिल्लं कशी काढता?" तर वजनामुळे नर-मादी नीट जुळत नाहीत, रेतन माणसानं करायचं, अंडी मशीनमध्ये ठेवायची. आमच्याकडे लाईट कधी जाईल आणि कधी येईल, देव जाणे. मामाजींकडे पाहिलं, तर ते आभाळाकडे पाहत होते. मन मारून मीच नाही म्हटलं.

रात्री अमरावतीला मावशीकडे मुक्काम. त्याआधी गिला वडा खाल्लाच पाहिजे, दह्यात बुडालेला. दोघांचं पोट भरतं आणि खिशाला कळतही नाही. तिथल्या बाकावर बसून मामाजींनी मला बैलबाजाराची रीत शिकवली. भाव तोंडानं बोलायचा नाही. दुपट्ट्याखाली हातात हात, आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. भोवती शंभर माणसं असली तरी भाव दोघांतच राहतो. त्यांनी माझी बोटं दाबून दाबून घोकून घेतली. लोक टकामका पाहत होते. मी म्हटलं, "मामाजी, बाईमाणूस कधी बसलं का या सौद्याले?"

"नाई," म्हणाले, आणि उरलेलं दही ओरपलं.

दुसऱ्या दिवशी मोर्शी, वरूड करत शेंदूरजनाघाट. वरूडनंतर दोन्ही बाजूंना संत्र्याचे बगीचे लागले की डोळे निवतात. आम्ही टर्की बघायला गेलो त्या बगिच्याच्या मालकीणबाई साठीच्या, आवाज खणखणीत. त्यांच्या टर्की लहान चणीच्या, पांढऱ्या, दिसायला अगदी साध्या. पण भर दुपारी झाडाखालचे किडे टिपत आमच्या मागेमागे बगीचाभर फिरल्या! एका टोपल्यात गावरान कोंबडी टर्कीच्या अंड्यांवर ठाण मांडून बसलेली.

"तिले काय समजते अंडं कोनाचं!" बाई हसल्या. "पन लहान पिल्लं नेऊ नोको. गारठ्यानं पटापट मरतात. दीड-दोन महिन्याची ने."

कोंबड्या आमच्याकडेही आहेत, बांधावर कडुलिंबाची सावली आहे. माझं ठरलं. मामाजींना म्हटलं, "हेच. तुमी सौदा करा."

त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि माझ्या हातावर टाकला. "जात तू पायली. सौदाही तूच कर."

मालकीणबाईंनी दुपट्टा ओळखला. "माय वो! माहा बाप बैलाचा दलाल होता. मले कोनं कदी हात घालू देल्ला नाई यात." आणि पदर खोचून त्यांनी हात आत घातला. त्यांनी बोटं दाबली, मी मान हलवली. मी दाबली, त्या "हट्!" म्हणाल्या. बागवान काम सोडून बघायला आले. शेवटी त्यांनी माझा अख्खा पंजा घट्ट धरला, सौदा पटला, आणि दोघी खदखदून हसलो. मामाजी संत्र्याच्या झाडाआडून नाक शिंकरत होते. ऊन बाधलं म्हणे.

परतीला पक्ष्यांचे खोके मागच्या सीटवर, काचा थोड्या खाली, थांबे सावलीत. एकही पक्षी दगावला नाही.

आता दिवाळी होऊन गेली. पावसाळ्यात दोन गेले, बाकी टिकले, आणि गोठ्यातल्या टोपल्यात आमची तांबडी कोंबडी टर्कीच्या अंड्यांवर बसली आहे. दीर रोज मेथीचा पाला कापून आणतात, गोडाऊनचं नाव काढत नाहीत. मामाजींची खाट दुपारची गोठ्यातच असते. तुम्ही मेसेज करून भाव विचारता, पण रीत ती रीत, मी सांगणार नाही. गावातलेही मामाजींना खोदून खोदून विचारतात, "कितीले पडले, पाटील?"

मामाजी खाटेवर उठून बसतात, दुपट्टा खांद्यावर सारखा करतात आणि पार रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं सांगतात, "मले काय मालूम? सौदा आमच्या सूनबाईनं केला."