पुठ्ठ्याच्या आडोशाला

डोंगरकड्याजवळच्या आमच्या शाळेत मुलांची लुटुपुटूची निवडणूक चालू होती. रोज कुंपणाबाहेर शेळ्या राखणारी एक म्हातारी आत आली आणि म्हणाली, "गुरुजी, मला बी मत टाकू द्या."

मुलींनी हसत तिच्या बोटाला शाई लावली. चेंडू आणि पतंगाचं चित्र असलेली चिठ्ठी घेऊन ती पुठ्ठ्याच्या आडोशाला गेली, ती बऱ्याच वेळाने बाहेर आली.

"आज पयल्यांदा एकटी आत गेले," ती म्हणाली. "दरवेळी खऱ्या मतदानाला आमचे घरधनी सायबाला सांगतेत, हिला दिसत न्हाई. मंग बटन तेच दाबतेत."

मी हादरलोच. टेकडीवर चुकलेली शेळी तिला इथून दिसायची.

"आजी, कोणाला दिलं?" एका मुलीने विचारलं.

"काहून सांगू?" म्हणत ती शेळ्यांकडे निघाली.