डावीकडचा ब्रेक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नाशिकमध्ये गेली पंचवीसेक वर्षं मी लोकांना मोटार चालवायला शिकवतो. किती जण हाताखालून गेले याचा हिशोब नाही. त्यातल्या एकाच माणसाला मी गाडी येऊ दिली नाही, आणि तेही जाणूनबुजून. ती माझी बायको.

क्लासच्या गाडीत डाव्या सीटपुढेही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. शिकणाऱ्याचं चुकलं तर शिकवणाऱ्याने सांभाळून घ्यावं म्हणून. बायको शिकत होती तेव्हा मी तो ब्रेक तिचं चुकावं म्हणून वापरला. चढावर ती गाडी उचलायची, अगदी बरोबर उचलायची, आणि त्याच क्षणी मी बुटाच्या टोकाने माझ्याकडचा ब्रेक हलकेच दाबायचो. गाडी आचका देऊन बंद पडायची. "बघ, क्लच पटकन सोडतेस तू," असं मी वर म्हणायचो. ती "हो" म्हणायची आणि पुन्हा चावी फिरवायची.

ती नर्स आहे. तेव्हा तिला बढती मिळून हरसूलला जायचं होतं. एसटीच्या वेळा ड्युटीशी जमेनात, म्हणून ती गाडी शिकायला निघाली. हरसूलच्या वाटेवरचा वाघेऱ्याचा घाट हे नवशिक्याचं काम नाही, असं मी सगळ्यांना सांगत सुटलो. खरी गोष्ट वेगळी होती. दुसऱ्याच आठवड्यात ती रविवार कारंजावरच्या गर्दीतून न अडखळता गाडी काढत होती. मागच्या सीटवर पाळीची वाट बघत बसलेले विद्यार्थी मला विचारायचे, "सर, काकूंसारखं आम्हाला कधी जमणार?" तिचा पगार माझ्या कमाईपेक्षा जास्तच होता. आता ती सकाळी स्वतः किल्ली उचलून निघणार आणि मी दारात उभा राहून बघणार, हे मला सोसलं नाही. महिन्याभरात तिने शिकणं सोडलं आणि बढती नाकारली.

यंदा तिच्यापुढे पुन्हा हरसूल आलं. निवृत्तीला थोडी वर्षं उरलेली, आणि तिथे मेट्रन म्हणून जायची संधी. एका रविवारी सकाळी पोळ्या लाटता लाटता ती म्हणाली, "नाही म्हणून उद्या कळवून टाकते. मला कुठे गाडी येते." तक्रारीचा सूरही नव्हता. मी पेपर वाचत राहिलो.

त्याच रविवारी माझी एक जुनी विद्यार्थिनी गाडी घेऊन आली. बायकोच्याच बॅचला शिकलेली, दिंडोरीकडच्या शेतकऱ्याची काटकुळी कॉलेजकन्या होती तेव्हा. आता द्राक्षं परदेशी पाठवण्याचा तिचा स्वतःचा व्यवसाय आहे. "सर, तुम्हाला बसवल्याशिवाय गाडी माझी वाटतच नाही," असं तिने फोनवर सांगितलं होतं. कोणती गाडी ते सांगितलं नव्हतं.

दारात उभी होती ती जर्मन स्पोर्ट्‌स कार. दोन दारांची, इंजिन मागे, रंग ओल्या पाटीसारखा. आमच्या गल्लीत सगळे बाहेर आले. शेजारचे काका म्हणाले, "काय सर, क्लासला घेतली का? मग फी वाढणार." बायको गॅलरीतून म्हणाली, "अहो, बसता तरी येईल का तुम्हाला त्यात?" प्रश्न रास्त होता. त्या गाडीत बसणं म्हणजे पंगतीत पाटावर बसणं. आधी गुडघे, मग कंबर, मग उरलेला माणूस.

हरसूलच्या रस्त्याने गिरणारे गावापर्यंत गाडी विद्यार्थिनीनेच चालवली. गतिरोधक आला की एक बटण दाबायची, गाडी नाक वर उचलायची आणि अलगद पलीकडे जायची. मी डावीकडे बसलो होतो, म्हणजे माझ्या नेहमीच्या जागी. एक बैलगाडी आडवी आली तेव्हा माझे दोन्ही पाय आपोआप खाली गेले.

"सर, तिथे काही नाही," ती म्हणाली. "कार्पेट झिजेल फक्त."

गिरणाऱ्याला चहा झाला आणि तिने किल्ली माझ्यासमोर टेबलावर ठेवली. मी नको म्हणालो. खरं तर मला हवी होती, इतकी हवी होती की चहाचा ग्लास मी दोन्ही हातांनी धरला होता.

"अगं, काही झालं तर?"

"तर मी म्हणेन, आमच्या सरांना गाडी येत नाही. चला."

आता जे लिहितो ते नीट लिहायचा प्रयत्न करतो, कारण अशी गाडी चालवण्यात एवढं काय आहे, असं मला नंतर बऱ्याच जणांनी विचारलं. सगळ्यांना आधी वेग हवा असतो. किती पळवली? फार नाही. घाटात सत्तरच्या वर काटा क्वचित गेला. सरळ रस्त्यावर जोरात जाणं कुणालाही जमतं, त्याला शिकावं लागत नाही.

माझं आयुष्य दमलेल्या गाड्यांत गेलं. क्लासच्या गाडीचा क्लच शेकडो पायांनी घासलेला, स्टिअरिंग ढिलं. तुम्ही चाक फिरवता, गाडी थोडा विचार करते, मग वळते. त्या मधल्या फटीत काय काय होऊ शकतं हेच मी लोकांना शिकवत आलो. या गाडीत ती फटच नव्हती. पहिल्या वळणाला मी उजवा हात चाकावर नुसता जरा जड केला, तेवढ्याने तिचं नाक वळणाच्या आतल्या कडेला लागलं. मी दचकलो. मग पुढच्या वळणाला मुद्दाम तसंच करून पाहिलं. पुन्हा तेच, तितकंच, एक दोराही कमी-जास्त नाही.

बॉनेट इतकं खाली की रस्ता थेट मांडीवर येतोय असं वाटावं, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना चाकांवरचे फुगवटे वर आलेले. त्यामुळे आपलं चाक नेमकं कुठे आहे ते डोळ्यांना दिसतं. नवशिक्यांना मी वायपरच्या टोकाशी रस्त्याची कड जुळवायला शिकवतो, अंदाजपंचे. इथे अंदाज नाही. डांबराची कड, त्यावरची पांढरी रेघ, रेघेवर आपलं चाक. मैलभर मी तोच खेळ खेळलो. रेघेच्या वीतभर आत, मग चार बोटं आत.

आणि ब्रेक. ब्रेकबद्दल मला इतरांपेक्षा थोडं जास्त कळतं. साध्या गाडीत पेडल खाली जातं, मग गाडी थांबते. इथे पेडल जागचं हलतच नाही म्हटलं तरी चालेल. पायात जोर जितका घालाल तितकीच ती मंदावते, मीठ चिमटीने घालावं तशी. घाट सुरू झाला तेव्हा मला आणखी एक गंमत कळली. वळणाआधी ब्रेक दाबला की गाडीचं सगळं वजन पुढच्या चाकांवर येतं, चाकं रस्त्याला घट्ट धरतात. मग स्टिअरिंग फिरवत जायचं आणि त्याच मापाने ब्रेक सोडत जायचं. वळणाच्या मध्यावर पाय मोकळा होतो, मग एक्सलरेटर, आणि मागचं इंजिन पाठीत हात घालून तुम्हाला वळणाबाहेर ढकलतं. "वळणाच्या आधी ब्रेक, वळणात नको" हे वाक्य मी पंचवीस वर्षं पाढ्यासारखं म्हणत आलो. त्याच्या आत एवढं काय भरलेलं आहे, ते मला त्या रविवारी वाघेऱ्याच्या तिसऱ्या वळणावर कळलं.

आवाज पुढून येत नाही. मागून येतो, मणक्यातून वर चढतो. पाय उचलला की फोडणीत मोहरी तडतडावी तसं काहीतरी मागे तडतडतं. पाय ठेवला की पुन्हा एकसुरी, खोल, भरलेला. मी उगाचच स्टिअरिंगमागची पट्टी ओढून गिअर खाली घेत होतो, तो आवाज पुन्हा ऐकायला. क्लच नसल्यामुळे डावा पाय बिचारा रिकामा बसला होता आणि तरी ठेका धरत होता.

"सर," ती म्हणाली, "तुमचे दात दिसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा."

मी हसत होतो हे मला तिने सांगितल्यावर समजलं.

घाटमाथ्याच्या अलीकडे एका वळणावर कुणाच्या तरी ट्रॅक्टरने शेतातला ओला चिखल रस्त्यावर आणून टाकला होता. मी पाहिला, पण उशिरा. मागची बाजू थोडी सटकली. मी घाबरायच्या आत समोर एक दिवा लुकलुकला, गाडीने कुठेतरी, एका बाजूला, कळेल न कळेल असा काहीतरी चिमटा घेतला आणि ती सरळ झाली.

"ब्रेक कोणी मारला?" मी विचारलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. "तुम्हाला कळलं? कुणालाच कळत नाही ते. गाडीने मारला, सर. एकाच चाकाला. तुमचं स्टिअरिंग बघून तिला समजतं तुम्हाला कुठे जायचंय. मागचं टोक घसरलं की ती हळूच ब्रेक लावून तोंड तुमच्या वाटेवर आणते."

"चालवणाऱ्याला न सांगता?"

"न सांगता. त्याला वाटतं, काय झकास वळण घेतलं मी."

थोडं पुढे रुंद जागा होती, तिथे मी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. तिला वाटलं चिखलाने घाबरलो. म्हणाली, "होतं असं, सर. पाणी प्या." पाणी पिऊन झाल्यावर तिने सहज विचारलं, "काकूंनी गाडी का सोडली हो? माझ्या आधी त्यांची पाळी असायची. मागे बसून मी त्यांचे हात बघायचे. मला वाटायचं, आपल्याला हे जन्मात जमणार नाही."

त्या प्रश्नाचं एक उत्तर माझ्याकडे वर्षानुवर्षं तयार होतं. तिला भीती वाटायची. ते ओठांपर्यंत आलं आणि या वेळी मी ते गिळलं.

"माझ्यामुळे," मी म्हणालो.

ती मोठ्याने हसली. "बरोबर आहे. नवऱ्याकडून शिकूच नये कुणी. माझा नवरा मला साधी स्कूटर रिव्हर्स कशी काढायची ते सांगतो, तरी आमची भांडणं होतात."

मीही हसलो. पुढे हरसूलपर्यंत गाडी मीच चालवली. आणि हे लिहायला संकोच वाटतो, पण खोटं कशाला लिहू? आनंद कमी झाला नाही. लाज वाटत होती, आणि तरी पुढचं वळण आलं की जीव हरखून जात होता. त्या दोन गोष्टी एकाच सीटवर बसल्या होत्या. आपण बरोबर केलं की गाडी तत्काळ तसं सांगते, चुकलं तरी सांगते, आणि दोन्ही वेळा खरंच बोलते. हेच सुख आहे. त्यासाठी एवढी महाग गाडी लागते असंही नाही. महाग गाडी ते फक्त मोठ्या आवाजात सांगते. तेच सुख मी क्लासच्या त्या खटाऱ्यात बायकोच्या चेहऱ्यावर पाहिलं होतं, रविवार कारंजावर, ती दोन रिक्षांमधून गाडी काढून माझ्याकडे न बघताच हसली होती तेव्हा. मी तिची फक्त बढती अडवली असं समजत होतो. मी गाडीला तिच्याशी खोटं बोलायला लावलं होतं.

घरी आलो तेव्हा बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. मी म्हणालो, "उद्या कळवू नकोस."

"का?"

"घाट बघून आलो. तुला जमेल."

"चढावर गाडी बंद पाडणारी बाई मी. आणि हे आता सांगताय?"

"आता सांगतोय."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "त्या गाडीने डोक्यावर परिणाम झालाय तुमच्या," असं म्हणून घड्या उचलून आत गेली. पण दुसऱ्या दिवशी पहाटे माझ्याआधी तयार होऊन बसली होती. म्हणाली, "क्लासचीच गाडी घ्या. त्यात तुमच्याकडे ब्रेक असतो, मला धीर येतो." मी घरची गाडी काढली. मखमलाबादकडच्या चढावर तिला थांबायला सांगितलं आणि दोन्ही पाय सीटवर वर घेऊन मांडी घालून बसलो. गाडी आचका न देता उचलली गेली. तिने ती पुन्हा थांबवली, पुन्हा उचलली. मग मागे रस्ता मोकळा आहे हे आरशात पाहून पुन्हा एकदा.

"अहो, बंद नाही पडली," ती म्हणाली. डोळे पुसायला तिने गाडी बाजूला घेतली, आणि इंडिकेटर द्यायला विसरली नाही.

तिने हरसूलला होकार कळवला आहे. पुढच्या महिन्यात रुजू होईल. घाट दोनदा चढून-उतरून झाला, आणि उतरताना ती मला न विचारता गिअर खाली घेते. दवाखान्यात सगळ्यांना सांगते, "ह्यांनी शिकवलं. पूर्वी त्यांना शिकवता येत नव्हतं, आता यायला लागलं." लोक माझं कौतुक करतात. मी मान हलवतो.

तिला अजूनही वाटतं की तेव्हा चूक तिच्या पायाची होती. हे छापायला जाण्याआधी मला तिच्या समोर बसून सांगायचं आहे की तिचा पाय तेव्हाही बरोबर होता आणि ब्रेक मी दाबत होतो. ते अजून सांगितलेलं नाही. एवढं तिचं देणं माझ्याकडे बाकी आहे.