टर्कीला एक पीस जास्त

लोर्ना टेशनं आयुष्यात दोन गोष्टी कधी केल्या नव्हत्या. शाळेची बस कधी उशिरा आणली नव्हती, आणि 'माझं चुकलं' असं कधी म्हटलं नव्हतं. पहिली बत्तीस वर्षांनी, निवृत्त झाल्यावर आपोआप संपली. दुसरी यंदाच्या थँक्सगिव्हिंगला संपली, आणि तीही अशी की कुणाचा विश्वासच बसला नाही. मी तिथं हजर होतो. माझं ते त्या दिवशीचं पाचवं जेवण होतं, त्यामुळे पोट कामातून गेलेलं, पण कान शाबूत होते.

आमच्या केटल प्रेरी गावात या सणाला घरटी दोन टर्क्या लागतात. एक भट्टीत, एक अंगणात. अंगणातली लोर्नाच्या गॅरेजमधून येते. प्लायवूडची, ढेरपोटी, गळ्याखाली जुन्या हातमोज्याच्या लाल कातड्याची झोळी. शेपटीची पिसं वेगळी कापलेली, रंगवलेली, खाली लाकडी खुंटी. टर्कीच्या पाठीला ओळीनं भोकं पाडलेली असतात, त्यांत ती पिसं बसवायची. घरात त्या दिवशी जेवायला जितकी माणसं, तितकी भोकं, आणि प्रत्येक पिसावर एकेकाचं नाव. नोव्हेंबर लागला की टर्क्या रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहतात आणि अख्ख्या गावाला कळतं, कुबियाकांची थोरली यंदा येतेय, हाउगेनांच्या जावयाचं पीस पार टोकाला लावलंय. रिकामं भोक मात्र कुणी ठेवत नाही. रिकामं भोक म्हणजे त्या घरात भांडण झालंय, हे शेंबडं पोरही ओळखतं.

लोर्ना स्वतःसाठीही एक टर्की करते. एका पिसाची. 'लोर्ना'. गोठवलेली तयार पॉट-पाय, म्हणजे मांस भरलेली पेस्ट्री, भट्टीत टाकायची आणि टीव्हीवर मिरवणूक बघत खायची, हा तिचा सण. "एकटीनं जेवायला काय चोरी आहे का?" असं ती चारचौघांत विचारते. माझी तशी छाती कधी झाली नाही. मी आर्विड मोएन, मेन स्ट्रीटवर माझं हार्डवेअरचं दुकान, वर दोन खोल्यांत मी. लग्न केलं नाही, करायचं राहून गेलं म्हणा. दर वर्षी गावाच्या टर्क्यांचं प्लायवूड मीच कापून देतो, खुंट्याही माझ्याच दुकानातल्या. पण एका पिसाची टर्की दारात लावायची मला लाज वाटायची.

यंदा लोर्नानं सगळ्याच टर्क्या नव्या करायला घेतल्या. मागच्या हिवाळ्यात जुन्यांचे पापुद्रे सुटले होते. चौतीस घरं, म्हणजे चौतीस टर्क्या. काम भराभर उरकावं म्हणून तिनं खुणा मारायला एक पट्टी बनवली. आठ माणसं असली की पट्टीवरच्या खुणांमधल्या आठ फटी मोजायच्या आणि दोन्ही टोकांसकट प्रत्येक खुणेवर भोक पाडायचं. आता पाच बोटांमध्ये फटी चारच असतात, हे कुणीही हात पुढं धरून बघावं. लोर्नानं हात पुढं धरला नाही. पहिली टर्की मिरवायला ती माझ्या दुकानात घेऊन आली. कुबियाकांची, आठ जणांची. मी भोकं मोजली. नऊ. पुन्हा मोजली.

"छान झालीय," मी म्हणालो.

आठवड्याभरानं लोर्ना दुकानात पॉलिशपेपर घेत होती, तेवढ्यात डोरीन कुबियाक आली. तिच्या मागून हाउगेन, त्याच्या मागून आणखी दोघं.

"लोर्ना, आम्ही आठ गं," डोरीन म्हणाली. "भोकं नऊ आहेत."

"आमचंही एक जास्त आहे," हाउगेन म्हणाला. "आता लोक म्हणतील मेहुणीशी बिनसलं. बिनसलं होतं, पण ते मागच्या वर्षी. यंदा ती येतेय."

लोर्नाचे कान लाल झाले. मी काउंटरमागून बघत होतो. तिनं पॉलिशपेपरची शांतपणे घडी केली.

"जास्त नाहीय ते. मुद्दाम पाडलंय. गावात ज्याला कुणी नाही, त्याच्यासाठी. का गं डोरीन, तुझ्या टेबलाला एक खुर्ची जड होते?"

असल्या प्रश्नाला नाही म्हणणारा माणूस विस्कॉन्सिनात अजून जन्मायचाय. चौघंही मान हलवून निघून गेले, आणि गावात एकट्या माणसांची टंचाई सुरू झाली.

घरं चौतीस आणि एकटी माणसं मोजून अकरा. पाद्रीला पहिल्याच दिवशी एका घरानं पटकावलं. जनावरांच्या निवृत्त डॉक्टरावर तीन घरांनी हक्क सांगितला. गॅसची टाकी भरायला आलेल्या ड्रायव्हरनं नुसता रस्ता विचारला, तर बिचारा पिसावर चढला. हरणाच्या शिकारीला आलेले बाहेरगावचे शिकारी नारिंगी जाकिटांत पेट्रोल पंपावर कॉफी पीत उभे असायचे, त्यांना गाडीतूनच नावं विचारली जात. हाउगेननं सख्ख्या भावाला सुचवलं, "तू यंदा बायकोशी भांड ना, चारच दिवस." कुणी कुत्र्याचं नाव चालेल का विचारायला आलं. लोर्नानं चालणार नाही म्हणून निकाल दिला.

आणि मला पाच घरांतून बोलावणी आली. पाच! आमच्याकडे तोंडावर नाही म्हणत नाहीत, म्हणून मी प्रत्येकाला "बघू या, छान वाटेल" म्हणालो. इथं याचा अर्थ हो होतो, हे मला साठ वर्षं इथं राहून माहीत असायला हवं होतं. आठवड्यात पाच टर्क्यांवर 'आर्विड' झळकला. दोनदा दुकान बंद करून मी गाडीनं गावभर फिरून आलो, नुसता बघायला. खोटं कशाला बोलू, आनंदानं मला वेड लागायचं बाकी होतं.

सणाच्या आधीच्या सोमवारी लोर्ना दुकानात आली आणि दाराची पाटी स्वतःच 'बंद' अशी फिरवली.

"माझ्या टर्कीला दोन भोकं आहेत," ती म्हणाली.

"असणारच."

"असणारच म्हणजे?"

"म्हणजे, सगळ्यांनाच एकेक जास्त आहे ना."

"डोरीन रोज माझ्या दारासमोर गाडी हळू करते. माझंच भोक रिकामं राहिलं तर बाकीच्यांचं मुद्दाम पाडलं म्हणून कोण मानेल? बत्तीस वर्षांची अब्रू जायची, आर्विड. आणि गावात एक माणूस शिल्लक नाही. सगळे पळवलेत मेल्यांनी. तू ये."

"अगं, मी पाच ठिकाणी आहे."

"मग सहा."

"जमायचं कसं?"

"चौपन्न पोरं रोज वेळेवर पोचवली मी. तू एकटा आहेस."

गुरुवारी अकराच्या ठोक्याला तिचा ट्रक दुकानाखाली उभा. दर घरी पस्तीस मिनिटं, असं वेळापत्रक कागदावर लिहून आरशाला चिकटवलेलं. मी आत जेवायचं आणि तिनं इंजिन चालू ठेवून बाहेर बसायचं, असा बेत. पहिल्याच घरी डोरीननं येऊन इंजिन बंद केलं आणि किल्ली स्वतःच्या एप्रनच्या खिशात टाकली. मग काय, जिथं मी तिथं लोर्ना. टर्की, कुस्करलेले बटाटे, क्रॅनबेरी, भोपळ्याची गोड पेस्ट्री, उठा, ट्रक, पुन्हा टर्की. तिसऱ्या घरी मी पट्टा सैल केला, चौथ्या घरी काढूनच ठेवला. एकटीनं जेवणारी लोर्ना चार टेबलांवर चार कुटुंबांत दाटीवाटीनं बसली, आणि चारही ठिकाणी त्या जादा पिसाचं कौतुक. "सुचलं कसं गं तुला?" पहिल्या घरी ती ऐटीत म्हणाली, "सुचलं आपलं." चौथ्या घरी नुसतीच बटाटे चिवडत राहिली.

पाचवं घर बाओ वांग नि तिच्या नवऱ्याचं. तिथं टर्कीच्या शेजारी एग रोल आणि चिकट भात. त्यांच्या जादा पिसावर माझ्या नावाखाली ॲडेलीन रुडचंही नाव होतं; ती नव्वदीची, अर्ध्या गावाला पियानो शिकवलेली. कंबर मोडल्यापासून ती घराबाहेर पडली नव्हती. तिनं लोर्नाचा हात धरला.

"चार वर्षं या दिवशी मी पडदे ओढून बसायचे," ती म्हणाली. "शेजारच्या दारात गाड्या लागलेल्या बघवत नसत. यंदा तुझ्यामुळे मी इथं बसलेय, पोरी."

लोर्नानं काटा खाली ठेवला.

"ॲडेलीन, ते मुद्दाम नाही पाडलं. माझं चुकलं. मी फटी मोजल्या, भोकं मोजायला हवी होती."

सगळं टेबल हसत सुटलं.

"किती साधी बाई आहे," बाओ म्हणाली.

"लहानपणापासून अशीच," ॲडेलीन डोळे पुसत म्हणाली. "मोठेपणा घ्यायला लाजते."

"अहो, मी खरं सांगतेय. माझी पट्टी दाखवते."

त्यावर तर बाओच्या नवऱ्याला ठसका लागला. लोर्नाच्या ताटात आणखी दोन एग रोल पडले.

ट्रकमध्ये तिनं किल्ली लावली, फिरवली नाही.

"आयुष्यात एकदा म्हटलं," ती म्हणाली, "तर त्याचीही टिंगल. तू तरी मानतोस ना, की चुकलं माझं?"

"मला ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी दुकानात मोजली होती मी. दोनदा."

तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "मग बोलला का नाहीस? तेव्हा एकच तर टर्की झाली होती. जादा भोकात खुंटी ठोकून मोकळी झाले असते."

तिला हसवायला एक गमतीचं उत्तर मी केव्हाचं तयार ठेवलं होतं. तोंडातून निघालं ते खरं उत्तर.

"मग माझं नाव कुठं लागलं असतं, लोर्ना?"

तिनं किल्ली फिरवली. गाडी मात्र वेळापत्रकापेक्षा फारच हळू चालवली. तिच्या अंगणातली टर्की दोन पिसांनी उभी होती, माझं पीस ताज्या रंगानं अजून चिकट. घरात तिनं दोन पॉट-पाय भट्टीत गरम केल्या, दोन ताटं मांडली. आम्हाला एक घासही जाणार नव्हता, तरी समोरासमोर बसलो.

"पुढच्या वर्षी ती पट्टी फेकून देणार आहे," तिनं बजावलं. "माझ्या टर्कीला दोनच भोकं पाडणार. मोजून."