निवांत खोली

आमच्या घरात आवाज अजिबात नव्हता, कारण घरात मी एकटीच होते. हे नांदेडला नोकरीला, शनिवारी रात्री येणार, रविवारी दुपारच्या एसटीनं परत. लेक पुण्याला होस्टेलवर. लातुरात वरच्या मजल्यावरच्या दोन भाड्याच्या खोल्यांत मी आणि भिंतीवरचं घड्याळ. (त्यातलं घड्याळ जास्त बोलायचं.)

म्हणून मी गोष्टी वाचून रेकॉर्ड करायचं काम घेतलं. पहिलीच गोष्ट परत आली. गोष्टी घेणाऱ्या पुण्याच्या कंपनीतली एक मुलगी फोनवर म्हणाली, "काकू, आवाज गोड आहे हो. पण राजाच्या दरबारात भंगारवाला कसा आला?"

खोलीत बाहेरचा आवाज येता कामा नये! कुणीतरी सांगितलं, अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे भिंतींना लावा. मी रिक्षाभर ट्रे आणले. दारातच घरमालकीण अक्का उभ्या. गळ्यात लिंग, कपाळावर भस्म, हात कमरेवर.

"अंड्याचा धंदा टाकून राहिल्या का तुम्ही?"

"न्हाई अक्का, भिंतीला लावायचेत."

"भिंतीला? अंडी?"

"रिकामे हायत हो!"

"वास तर भरलेल्याचाच हाय की! सात पिढ्यांत या दारातून अंडं आत गेलं न्हाई बाई."

ट्रे त्याच रिक्षातून परत गेले. त्यात अक्कांचे यजमान अप्पा जिन्यावरून ओरडले, "आन् भिंतीला एक खिळा बी ठोकायचा न्हाई!"

खिळा नाही तर नाही. मी निलंग्याहून, सासरहून, अकरा गोधड्या आणि पाच कापसाच्या गाद्या जीपमध्ये घालून आणल्या. सासूबाईंनी विचारलं, "एवढे पाहुणे येऊन राहिलेत का?" मी हो म्हणाले. (पाहुणे! आमच्याकडे!) खिडकीसमोर कपाट ओढलं, लोखंडी खाट भिंतीला उभी केली, तिच्यावर गाद्या चढवल्या, कपाटापासून खाटेपर्यंत दोऱ्या बांधून गोधड्या लटकवल्या.

बुधवारी सकाळी बाहेरचं दार नुसतं लोटलं, मोबाइल स्वयंपाकघरात ठेवला (मध्येच वाजायला नको!) आणि रेकॉर्डर घेऊन आतल्या खोलीत शिरून दार लावलं. काय ती शांतता! भंगारवाला नाही, कुकर नाही, कुत्री नाहीत. माझाच आवंढा मला ऐकू येत होता. मी "एका गावात एक म्हातारी एकटीच राहत होती" इथपर्यंत वाचलं. उगाच डोळे भरून आले.

पुसायला म्हणून कोपऱ्यातली गोधडी ओढली, तर दोरी सुटली, गाद्या कोसळल्या आणि मागोमाग खाट! खाट पडली ती बरोबर दार आणि कपाटाच्या मध्ये आडवी. दार आत उघडणारं. ना खाट हलेना, ना दार.

मी ओरडले. "अक्का! अहो अक्का!" दार बडवलं, तर मध्ये गादी. खाली अक्का अंगणात ज्वारी निवडत असणार, पण वर तर काम एकदम चोख झालेलं!

मग मी हिशेब मांडला, मला शोधणार कोण? हे शनिवारी. लेकीचा फोन रविवारी. मधल्या दिवसांत माझी आठवण काढणारं माणूस सापडेना. गादीवर बसून मी हमसून रडले. तेही कुणाला ऐकू गेलं नाही.

दीड तासानं दार हाताएवढं किलकिलं झालं. फटीत अक्कांचा डोळा.

"हाय! जिती हाय वो!" त्या मागं वळून ओरडल्या.

अप्पांनी खांदा लावला, अक्कांनी फटीतून एकेक गोधडी ओढली आणि मी बाहेर आले, केसांत कापूस घेऊन.

"तुम्हाला कळलं कसं?"

"आठ दिवसांनी नळाला पाणी आलं आन् तुम्ही घागर घेऊन खाली आल्या न्हाईत," अक्का म्हणाल्या. "मी यांना म्हणलं, बाई मेली!"

"मी इतकी ओरडत होते. काहीच ऐकू आलं नाही?"

"एक शबुद बी न्हाई."

"खरंच?" मी विचारलं. (शपथ सांगते, मला अभिमान वाटला!) अक्कांनी माझ्याकडं नीट पाहिलं, दंडाला धरलं आणि खाली नेऊन समोर बसवून भाकरी खाऊ घातली. त्या दिवशी त्यांनी मला वर जाऊच दिलं नाही.

मधल्या दोन दिवसांत मी खोली पुन्हा होती तशी लावली, खाट मात्र या वेळी कपाटाला घट्ट बांधून. शनिवारी रात्री हे आले. माझ्याकडं आठवडाभराचं बोलणं साठलेलं. ट्रे, खाट, नळ, रडणं, सगळं क्रमानं सांगायचं ठरवलं होतं. हे हातपाय धुऊन खोली बघायला आत गेले.

"अगं, काय निवांत हाय इथं! नांदेडला रूमवर झोपच न्हाई बघ."

दार लागलं. मी बाहेरून सांगायला सुरुवात केली. बरंच सांगून झालं, तेव्हा लक्षात आलं. हे थेट रविवारी दुपारी उठले, एसटीची वेळ झाली म्हणून.

नवऱ्याला बायकोचा आवाज येऊ नये अशी खोली बायकोनंच स्वतःच्या हातानं, सासरच्या गोधड्या लावून करून दिली, असं घर अख्ख्या लातुरात एकच असेल!