कळशीतला खुनी

रेडिओची एरियल मी बोंबील वाळवायच्या काठ्यांना बांधली होती.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. अलिबागला कारकून झाल्यावर मी थळच्या घरी बॅटरीचा रेडिओ आणला आणि आमचा आजा त्याला चिकटला. आजा जुना तांडेल. सारा जन्म होडी हाकण्यात गेला, म्हातारपणी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यात रविवारी दुपारी एका खुनाची गोष्ट हप्त्याहप्त्याने लागू लागली. निवेदक असा, की त्याने आवाज खाली आणला की आमची कोंबडीसुद्धा पाय उचलून तशीच उभी राही.

मुंबईच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दोनदा दिली. आजाने दोनदा मोडली. खुनी सापडल्याशिवाय गाव सोडणार नाही म्हणाला. आता तिसरी तारीख मंगळवारची होती, आणि शेवटचा हप्ता त्याआधीच्या रविवारी. (देव आहे, असं मला तेव्हा वाटलं होतं!)

रविवारी सगळं घर रेडिओपुढे. निवेदक म्हणाला, "आणि तो खुनी म्हणजे..." आणि रेडिओ खरखरून गप्प झाला.

मी अंगणात धावलो. एरियल तुटून वाळूत पडलेली, तिच्यावर जबड्यात जबडा अडकवलेल्या ओल्या बोंबलांची रांग. काकीला विचारलं, तर म्हणाली, तार रिकामीच होती. आमच्या घरात रिकामी तार म्हणजे पाप, हे मला तार बांधताना आठवायला हवं होतं.

आत आजा ओरडत होता, मंगळवार रद्द म्हणून. आईने माझ्याकडे असं पाहिलं, की मी कोपऱ्यातली रिकामी कळशी उचलली, तीत तोंड घातलं आणि निवेदक झालो.

खून मी गोष्टीतल्या मुनिमावर ढकलला. आजा "व्हय, व्हय" करत पुढे सरकला. तिथेच थांबलो असतो तर! पण आवाज काय घुमत होता कळशीत! मला चेव आला. मी पौर्णिमेचा दिवस घेतला, सूर्य बुडवला आणि खुन्याला होडीत बसवून खाडीतून भरधाव पळवलं. आईने तोंडात पदर कोंबला. मला वाटलं, तिला रडू येतंय.

आजा पुढे सरकायचा थांबला.

"पुनवेला दिस बुडताना खाडीत पानी कुठं असतं? तवा तर पार ओहोटी. होडी काय चिखलातनं पलवली?"

"निवेदकाचं चुकलं असेल," मी म्हणालो. कळशीतूनच.

काकी उठून बाहेर गेली.

"त्यो शिकलेला मानूस हाय, त्यो न्हाय चुकायचा," आजा शांतपणे म्हणाला. मग आईकडे वळला. "सूनबाय, मंगलवारी न्या मला मुंबयला. तांडेलाच्या घरात ह्ये गाढव कसं निपजलं, त्ये येकदा डोल्यानं बघायचं हाय."