मागच्या रांगेतली टोपी

नेल मागच्या दाराशी उभी होती, हातात ओवेनकाकांची लोकरी चपटी टोपी. "सकाळी गेला," एवढंच म्हणाली आणि टोपी माझ्या हातात दिली. नवरा जाऊन चार तास झाले नाहीत आणि ही बाई मला आठवणीने टोपी द्यायला आली होती...

आयरिश माणसाला काका म्हणणं विचित्रच. पण शेजारच्या सत्तरीच्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारायला माझी जीभ वळेना. तरुणपणी ते आयर्लंडमध्ये रंगभूमीवर गाजले होते. मग अमेरिकेत सिनेमात आले आणि पाद्री, हवालदार, नाहीतर सुरुवातीलाच मरणारा म्हातारा, एवढंच वाट्याला आलं. "मरण्यात माझा चांगला जम बसला होता," असं ते हसत सांगायचे. नेलचं माहेर ओहायोतल्या डब्लिन गावचं, म्हणून आयर्लंडच्या डब्लिनचा नट म्हातारपणी आमच्या या डब्लिनला आला.

मी २००१ साली पुण्याहून आले ती नवऱ्याच्या व्हिसावर. नोकरीची परवानगी नाही, गाडी येत नाही, दिवसभर घरात बोलायला कुणी नाही. माझा आवाज पार आत गेला होता. इथल्या मराठी मंडळाच्या एकांकिकेत आईची भूमिका मिळाली, तीसुद्धा दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून. काका घरी कंटाळले होते, त्यांनाही तालमीला नेलं.

आमच्या मंडळाची नाटकं म्हणजे स्टेजच्या मधोमध एक माइक, आणि ज्याचं वाक्य त्याने तिकडे धावायचं. नवरा-बायकोचं भांडण माइकपाशी, सासऱ्यांचं आजारपणही माइकपाशी. काकांनी थोडा वेळ पाहिलं आणि विचारलं, "या घरातली सगळी माणसं त्या खांबाजवळच का राहतात?" माइक काढायला लावला. आमचा दिग्दर्शक मंदार मला हळूच म्हणाला, "माइक कॅन्सल केला तर लास्ट रोला काय ऐकू जाणार यार!"

काका शेवटच्या रांगेत जाऊन बसले. मराठी एक अक्षर कळत नव्हतं. खूण ठरली: त्यांची टोपी डोक्यावर असली तर आवाज पोचला नाही, काढली तर पोचला. इतरांसाठी टोपी निघायची, माझ्यासाठी काही निघेना. मी नाटक सोडते म्हणाले. काका उठून स्टेजपाशी आले. "मोठ्याने बोलू नकोस. मला सांग. मी तिथे बसलोय." प्रयोगाला हॉलभर पोरं पळत होती, बटाटेवड्यांचा वास सुटला होता. मी त्या एका माणसाला सांगितलं... आणि मागे टोपी निघाली. पुढे गाडी शिकले, दर वर्षी नाटकात उभी राहिले. त्या माणसाचे उपकार मी कसे विसरेन?

यंदा घशाच्या दुखण्याने काकांचाच आवाज गेला. शेवटचं भेटायला गेले तेव्हा ते काहीतरी पुटपुटत होते आणि दाराशी उभ्या असलेल्या मला ऐकू येईना. रडू फुटणार होतं. मी खुंटीवरची त्यांची टोपी घेतली आणि डोक्यावर चढवली. काका हसले. उशीवरून मान उचलून त्यांनी माझं नाव घेतलं, सात वर्षांत कधीच धड न जमलेलं.

"वैशाली."

मी टोपी काढली.

आता ती आमच्याबरोबर तालमीला येते. शेवटच्या रांगेत, कोपऱ्यातल्या खुर्चीवर ठेवतो. माइक अजून लावलेला नाही.