डभोईला थांबलेली गाडी

बाबा गेले त्या सकाळी आमच्या जेवणाच्या टेबलाच्या चार खुर्च्या एकामागे एक लावलेल्या होत्या. पहिल्या खुर्चीवर माझी साडेचार वर्षांची मुलगी हातात लाटणं धरून इंजिन चालवत होती, शेवटच्या खुर्चीवर बाबा गार्ड होते. हा खेळ वर्षभर रोज चालला होता. गाडी नागरवाड्याहून सुटायची, दांडिया बाजारला, म्हणजे आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी थांबायची, मग डभोई आणि शेवटी चांदोद. अशी गाडी कुठेच धावत नाही, असं मी एकदा म्हटलं, तेव्हा दोघांनी माझ्याकडे बिनतिकिटाच्या प्रवाशाकडे पाहावं तसं पाहिलं.

नियम एकच होता, पण कडक. गार्डाने हिरवं निशाण दाखवल्याशिवाय गाडी हलवायची नाही. निशाण म्हणजे आईच्या ओटीत कधीतरी आलेला हिरवा ब्लाउजपीस. बाबा मुद्दाम उशीर लावायचे. एक म्हातारी चढते आहे म्हणायचे, कुणाचं तरी गाठोडं फलाटावर राहिलंय म्हणायचे. आणि ही मुलगी, जिला दूध निवेपर्यंत धीर निघत नाही, ती लाटण्यावर हात ठेवून, मान मागे वळवून, गप्प थांबायची.

त्या सकाळी डभोई आल्यावर बाबा म्हणाले, "ड्रायव्हरसाहेब, मी जरा चहा पिऊन येतो. माझं निशाण दिसल्याशिवाय गाडी सोडायची नाही हं." ते आत जाऊन पलंगावर पडले. तासाभराने अँब्युलन्स आली. दुपारी दवाखान्यातून फक्त मी आणि माझा धाकटा भाऊ परत आलो.

भेटायला माणसं येऊ लागली तेव्हा खुर्च्या लागणारच होत्या. भावाने त्या भिंतीशी नेऊन लावल्या. मुलगी पहिल्या खुर्चीवरून उठेना, तेव्हा मी तिला उचलून आतल्या खोलीत नेलं. काही समजावून सांगितल्याचं मला आठवत नाही.

मी बी.एड.च्या वर्गाला बालमानसशास्त्र शिकवते. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहायला हवं. दर वर्षी मी मुलींना सांगते की लटक्या खेळात मूल वेळ घालवत नसतं. लाटण्याला इंजिन मानायचं, स्थानकांचा क्रम डोक्यात धरायचा, दुसऱ्याच्या मनात काय आहे ते ताडायचं, आणि निशाण दिसेपर्यंत स्वतःला थोपवायचं. वाढत्या मेंदूला नेमका याच गोष्टींचा सराव लागतो आणि त्या वयात तो खेळातूनच मिळतो. मुली हे उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात. बाबांनी यातलं एक पान वाचलं नव्हतं. ते रोज करत होते, आणि मी शेजारच्या खोलीत बसून त्याच विषयाच्या उत्तरपत्रिका तपासत होते.

दहाव्याला आम्ही खऱ्या चांदोदला, नदीवर गेलो. लहान मुलांना घाटावर नेऊ नये, असं मावशी फोनवर दोनदा म्हणाली. पण माझा नवरा भरूचकडे कारखान्यात असतो, तो परस्पर चांदोदला येणार होता, आणि आई त्या दिवसांत स्वतःलाच सांभाळत नव्हती. म्हणून मुलीला बरोबर घेतलं. वाटेत डभोईला भावाने चहासाठी गाडी थांबवली. मुलगी खाली उतरली आणि टपरीवरच्या एकेका बाकड्याशी जाऊन माणसांची तोंडं पाहू लागली.

"आजोबा इथेच उतरलेत ना?" तिने मला विचारलं.

मी म्हटलं, नंतर बोलू. ते नंतर कधी आलंच नाही.

घाटावर पिंड ठेवला आणि आम्ही मागे सरकलो. कावळे होते, पलीकडच्या झाडावर चांगले पाच-सहा होते, पण शिवेना एकही. भावाने हात जोडून सांगितलं, आईकडे मी बघेन. मग म्हणाला, ताईला काही कमी पडू देणार नाही. मग बाबांचे राहिलेले चष्मे, पुस्तकं, सगळ्याचं नीट करीन म्हणाला. मुलगी माझा पदर ओढत होती. मी सांगते आजोबांना, काय सांगायचं ते मला माहीत आहे, असं म्हणत होती. आम्ही तिला गप्प केलं. तिने खाली पडलेली दर्भाची काडी उचलली, तर भाऊ तिच्यावर खेकसला, हे खेळणं नाही म्हणून.

अर्धा तास उन्हात उभे राहिल्यावर गुरुजींनी घड्याळाकडे पाहिलं, चार काड्या घेतल्या, त्यांना गाठ मारून एक कावळा केला आणि त्याची चोच भाताला लावली. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. माझी मुलगी मात्र हसली. कितीतरी दिवसांनी ओळखीचं माणूस दिसावं तशी हसली.

"हा खोटाखोटा आहे ना?" तिने मोठ्याने विचारलं.

भावाने फक्त माझ्याकडे पाहिलं, हिला आवर अशा अर्थाने. मी आवरलं. मोठी माणसं गवताचा कावळा करून मोकळी होतात ते कर्म, आणि पोरीने काडी उचलली की तो खेळ. हे मला तिथे उभ्या उभ्या दिसत होतं, तरी मी तिचा दंड धरून तिला मागे घेतलं.

पंधरा दिवसांनी शाळेतून फोन आला. मुलीने डब्यातला भात खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला होता आणि मैदानातल्या गवताचा कावळा केला होता. चार पोरांना डोळे मिटून उभं केलं होतं आणि प्रत्येकाने आजोबांना काहीतरी सांगायचं, असं बजावलं होतं. दोन मुलांच्या आयांनी तक्रार केली. या शाळेच्या माहितीपत्रकात पहिल्याच पानावर लिहिलं आहे की इथे मुलं खेळातून शिकतात. वर्गात मात्र मुलं ठिपक्यांवरून अक्षरं गिरवतात, आणि मधल्या सुट्टीत पळायचं नाही, कारण पडतात. बाईंनी माझ्यासमोर तिची अर्धवट गिरवलेली पानं ठेवली. त्या वाईट नव्हत्या. त्यांना वर्षअखेर सगळी पानं भरलेली दाखवायची होती. "बेन, घरे थोडी प्रॅक्टिस करावजो," घरी सराव करून घ्या, असं त्या म्हणाल्या, आणि असले खेळ घरीही थांबवले तर बरं, असंही म्हणाल्या.

मी तिथे भांडायला हवं होतं. सगळे मुद्दे माझे पाठ होते. मी मान डोलावली, घरी आले आणि मुलीवर ओरडले. हे खेळणं नाही, कितीदा सांगायचं. भावाचंच वाक्य. तिने पुन्हा एका रांगेत लावलेल्या खुर्च्या मी ओढून टेबलाभोवती लावल्या. लाटणं फळीवर ठेवलं.

त्यानंतर तिने खेळायचं सोडलं. रडली नाही, हट्ट केला नाही. शाळेतून आली की टेबलाशी बसायची आणि पानं गिरवायची. ठिपक्याबाहेर एक रेघ जात नव्हती. डायरीत चांगला शेरा आला, हसरा चेहरा काढून. तो चेहरा पाहून मला इतका संताप आला की मी डायरी दप्तरात कोंबली. कुणावर चिडायचं तेही कळेना. शाळेने मागितलं ते मीच तर तिच्याकडून काढून घेतलं होतं.

एका रविवारी दुपारी आई बाहेर येऊन बसली. तिच्या मांडीवर गाठोडं होतं, कामवालीला द्यायचे ब्लाउजपीस. आता कोण माझी ओटी भरणार, ठेवून काय करू, असं ती सकाळपासून म्हणत होती. नातीकडे बराच वेळ पाहून तिने विचारलं, "ही हल्ली खेळत का नाही गं?"

मी उठले आणि खुर्च्या ओढू लागले. एकामागे एक चार. लाटणं आणून पहिल्या खुर्चीवर ठेवलं.

मुलगी पेन्सिल धरून पाहत होती. "तू म्हणालीस, हे खेळणं नाही."

"मी चुकले."

तिने थोडा विचार केला. अजून तीन पानं राहिली होती आणि सोमवारी शेरा येणार, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. ती उठली, इंजिनात बसली आणि मान मागे वळवली. मी शेवटच्या खुर्चीवर बसून खांद्यावरची हिरवी ओढणी हलवली. तिने मान हलवून नाही म्हटलं. हे निशाण नाही, आणि तू गार्ड नाहीस. गाडी डभोईलाच आहे.

आईने गाठोड्याची गाठ सोडली. आतून तो हिरवा ब्लाउजपीस काढला आणि हातात धरून बसून राहिली. तो मला द्यावा की परत ठेवावा, तिलाच कळत नसावं.

"डभोईला गार्ड बदलतो," मुलगी म्हणाली. "आजोबांनी सांगितलंय मला."

"आणि आजोबा?" मी विचारलं. न विचारता राहवलं नाही.

"ते चहा पितायत." मग आईला म्हणाली, "आजी, दाखव ना. लोक खोळंबलेत."

आईने हात फार वर नेला नाही. मांडीवरच ते हिरवं कापड दोनदा हलवलं. गाडी सुटली. शिट्टी इतकी मोठी होती की खालच्या मजल्यावरच्या काकांनी गॅलरीतून वर पाहिलं.

चांदोद आल्यावर ड्रायव्हरने मला खाली उतरवलं आणि गॅलरीत जाऊन कावळा आलाय का ते बघायला सांगितलं. मी जाऊन आले. नव्हता.

"मग आपण करू या?" मी विचारलं. "गवताचा?"

"चालेल," ती म्हणाली. "पण खोटाखोटा आहे असं सांगायचं."

तिसऱ्या मजल्यावर गवत कुठलं? मी दारामागची केरसुणी घेतली आणि तिचे हीर ओढू लागले.

"नवीचे नको गं," आई म्हणाली, "जुनीचे काढ."